पोलर व्होर्टेक्स फुटला म्हणून खान्देशात थंडी पडणार का? घरबसल्या तपासायची पद्धत, पायरीपायरीने

डिसेंबर लागला की ग्रुपवर तेच मेसेज फिरायला लागतात. "उत्तर ध्रुवावरचा पोलर व्होर्टेक्स फुटला, आठ दिवसांत जळगाव-धुळ्यात पारा शून्यावर, केळीवाल्यांनी सावध राहा", आणि खाली एक निळा-जांभळा नकाशा, जो दहापैकी नऊ वेळा अमेरिकेचा असतो. मग रावेर-यावलकडून फोन सुरू, की भो, खरं आहे का हे.

तर सरळ सांगतो. व्होर्टेक्स, म्हणजे ध्रुवाभोवती गरगरणारा थंड हवेचा भोवरा, खरा आहे, तो फुटतो हेही खरं आहे, आणि तो फुटल्यावर युरोप-अमेरिकेत बऱ्याचदा हाडं गोठवणारी थंडी पडते हेही खरं. पण तो गरगरतो ६० अंश अक्षांशाच्या वर आणि जळगाव आहे २१ अंशावर, म्हणजे नुसतं जमिनीवरचं अंतरच चार हजार किलोमीटरच्या वर, उंची वेगळीच. हतनूरला पाणी सोडलं म्हणून चोपड्याच्या शेवटच्या चारीला ते पोहोचतंच असं नाही, मधे गळती असते, कुणी दार अडवतं, कुठे चारी फुटलेली असते. इथेही तसंच आहे. म्हणून "व्होर्टेक्स फुटला" एवढं वाचून शेकोटीची लाकडं गोळा करायची नाहीत, वरून खाली एकेक टप्पा तपासत यायचं. मोबाईल आणि दहा मिनिटं पुरतात, आठवड्यातून एकदा केलं तरी बस.

पायरी १ : नकाशात कुठला व्होर्टेक्स आहे ते आधी बघा

इथेच अर्धे मेसेज बाद होतात. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव चिकटलंय. एक आहे खालच्या थरातला, आपलं रोजचं हवामान जिथे घडतं त्या आठ-दहा किलोमीटरमधला, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांचा मोठा वळणावळणाचा पट्टा. तो वर्षभर असतो, उन्हाळ्यातसुद्धा, आणि त्याचा एखादा लोळ खाली शिकागोपर्यंत आला की टीव्हीवाले "पोलर व्होर्टेक्स आला" म्हणून ओरडतात. दुसरा आहे स्ट्रॅटोस्फिअरमधला, शाळेत आपण ज्याला स्थितांबर म्हणायचो तिथला. हा फक्त हिवाळी पाहुणा. सप्टेंबरअखेर ध्रुवावर सूर्य मावळतो, सहा महिन्यांची रात्र सुरू होते, वरची हवा भयंकर थंड व्हायला लागते, आणि ध्रुव आणि खालचे अक्षांश यांच्या तापमानातला फरक वाढत गेला की पश्चिमेचे वारे ध्रुवाभोवती जोरात फिरायला लागतात. मार्च-एप्रिलमध्ये सूर्य परत आला की तो मोडतो. "फुटला", "दुभंगला" हे जे शब्द वापरतात ते या वरच्या व्होर्टेक्सबद्दल असतात, नकाशा मात्र खालच्याचा जोडलेला असतो. नकाशावर १० एचपीए (एचपीए हे हवेच्या दाबाचं माप, आकडा जेवढा लहान तेवढी उंची जास्त) लिहिलं असेल तर वरचा, ५०० एचपीए असेल तर खालचा, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर तो मेसेज डिलीट करा.

पायरी २ : ३० किलोमीटर वर स्वतः डोकावा

अर्थ नलस्कूल नावाची साइट उघडा, फुकट आहे. डाव्या कोपऱ्यात खाली 'अर्थ' लिहिलंय त्यावर टच केलं की मेनू उघडतो. त्यात हाइटच्या ओळीत शेवटचा आकडा आहे १०, तो निवडा. म्हणजे १० एचपीए, जमिनीवर जेवढा हवेचा दाब असतो त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा, उंची साधारण ३० किलोमीटर. मग पृथ्वी बोटाने फिरवून उत्तर ध्रुव समोर आणा.

आता काय दिसतं? व्होर्टेक्स धडधाकट असेल तर ध्रुवाभोवती बऱ्यापैकी गोल कडं दिसेल, सगळी रेघ एका दिशेने पळतेय. कड्यावर कुठेही टच केलं की वाऱ्याचा वेग येतो, जानेवारीत तो ताशी दोनशे किलोमीटरच्या वर दिसला तरी घाबरायचं नाही, तिथे ते नॉर्मल आहे. कडं लांबट होऊन सैबेरियाकडे किंवा कॅनडाकडे सरकलेलं असेल तर त्याला काहीतरी ढकलतंय. आणि एकाऐवजी दोन वेगवेगळे भोवरे दिसले, मधे ध्रुवावर भलताच वारा, तर तो दुभंगलाय. ओव्हरलेमध्ये टेम्प निवडून तापमानही बघून घ्या.

नुसत्या नजरेवर मात्र जाऊ नका, कारण कुठलाही नकाशा आपल्याला हवा तसा दिसतो. शास्त्रज्ञ एक आकडा धरतात: १० एचपीए उंचीवर, ६० अंश उत्तरेच्या पूर्ण वर्तुळावरचा सरासरी पश्चिमी वारा. भर हिवाळ्यात तो साधारण ३० ते ४० मीटर प्रति सेकंद असतो. तो शून्याच्या खाली गेला, म्हणजे वारं पूर्वेकडून वाहायला लागलं, की त्याला 'मेजर सडन स्ट्रॅटोस्फेरिक वॉर्मिंग', म्हणजे वरची हवा अचानक तापणं, म्हणायचं (तापते कशी ते पायरी ३ मध्ये). नासाच्या ओझोन वॉच साइटवर याचा ग्राफ रोज अपडेट होतो, चालू वर्षाची रेघ सरासरीच्या किती वर-खाली आहे ते एका नजरेत कळतं. रेघ शून्याखाली गेलेली नाही तर "फुटला" म्हणायचं नाही, फार तर "कमजोर झाला" म्हणा.

असं वॉर्मिंग दहा वर्षांत साधारण सहा वेळा होतं, म्हणजे जगबुडी नाही. पहिल्यांदा हे १९५२ मध्ये बर्लिनमध्ये रिचर्ड शेरहाग यांच्या ध्यानात आलं, फुग्यातून वर पाठवलेल्या यंत्राने थोड्या दिवसांत तापमान प्रचंड चढलेलं दाखवलं. अलीकडचे काही प्रसंग सांगायचे तर जानेवारी २००९, जानेवारी २०१३, फेब्रुवारी २०१८, १ जानेवारी २०१९, ५ जानेवारी २०२१, मग २०२४ च्या एकाच हिवाळ्यात जानेवारी आणि मार्च असे दोनदा, आणि मार्च २०२५.

पायरी ३ : तो फुटतो कशाने, ते खाली शोधा

माझ्या मते सगळ्यात भारी भाग हाच, आणि मेसेजवाले नेमका हाच सोडून देतात. त्यांच्या लेखी व्होर्टेक्स मालक आणि खालचं हवामान नोकर. खरं तर पहिला धक्का खालूनच बसतो.

पश्चिमेचे वारे हिमालय-तिबेट, रॉकीज अशा अवाढव्य डोंगरांवर आपटतात, शिवाय थंडगार जमीन आणि त्यामानाने उबदार समुद्र यांच्या सीमेवर वाऱ्याला वळणं पडतात. यातून हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा तयार होतात, रॉसबी लाटा म्हणतात त्यांना. जुल चार्नी आणि फिलिप ड्रेझिन यांनी १९६१ मध्ये दाखवलं की यातल्या फक्त सगळ्यात लांब लाटाच वर स्ट्रॅटोस्फिअरपर्यंत चढतात, आणि त्याही तिथे पश्चिमेचा वारा असेल आणि तो फार जोरात नसेल तरच. उन्हाळ्यात वर पूर्वेचा वारा असतो, म्हणून लाटा चढतच नाहीत, म्हणून हा सगळा तमाशा हिवाळ्यातच. दक्षिण गोलार्धात एवढे डोंगर आणि जमीन नाही म्हणून तिकडचा व्होर्टेक्स दणकट, तिथे मेजर वॉर्मिंग नोंदलं गेलं ते एकदाच, सप्टेंबर २००२ मध्ये.

वर चढलेली लाट तिथे फुटते, तेव्हा ती पश्चिमी वाऱ्याला ब्रेक लावते. वारा मंदावला की ध्रुवावरची हवा खाली बसायला लागते, खाली बसताना दाबली जाते आणि दाबली गेली की तापते. वॉर्मिंग म्हणजे हेच, ऊन-बिन काही नाही, तिथे तर रात्र असते, आणि तरी थोड्याच दिवसांत ३०-४०-५० अंशांनी तापमान चढतं. हे गणित १९७१ मध्ये जपानचे तारो मात्सुनो यांनी मांडलं आणि आजही तेच पायाभूत मानतात.

मग तुम्ही काय बघायचं? दोन जागा. उरल पर्वतावर, म्हणजे रशियात युरोप आणि आशियाच्या सीमेवर, जास्त दाबाचा पट्टा आठ-दहा दिवस ठाण मांडून बसलाय का, आणि उत्तर पॅसिफिकमध्ये अलास्काच्या खालचा कमी दाबाचा पट्टा नेहमीपेक्षा खोल झालाय का. दोन्ही एकाच वेळी असतील तर वर जाणारी लाट जोरदार होते आणि दोन-तीन आठवड्यांत व्होर्टेक्सला हादरा बसायची शक्यता वाढते. मागे अजून दोन गोष्टी चालू असतात. विषुववृत्तावरच्या स्ट्रॅटोस्फिअरमधले वारे साधारण २८ महिन्यांच्या चक्रात दिशा बदलतात, ते पूर्वेकडून असले तर व्होर्टेक्स कमजोर राहायचा कल असतो, आणि एल निनो असला तरी तसाच कल. कल म्हणजे कल, गॅरंटी नाही.

पायरी ४ : वरचं खाली उतरतंय का?

हे तपासल्याशिवाय पुढे जायचंच नाही. ३० किलोमीटरवर गोंधळ झाला आणि तिथेच जिरला, असंही होतं. मार्क बाल्डविन आणि टिमोथी डंकर्टन यांनी २००१ मध्ये दाखवलं की मोठ्या गोंधळाची सावली आठवड्यागणिक खाली सरकते आणि त्यानंतर जवळजवळ ६० दिवस खालच्या हवामानाचा कल बदललेला राहू शकतो. खालच्या स्ट्रॅटोस्फिअरमध्ये हवा पूर्वपदावर यायला खूप वेळ घेते, म्हणून परिणाम रेंगाळतो. पण तीनपैकी साधारण दोनच वेळा तो जमिनीपर्यंत नीट पोहोचतो.

तपासायला सोपं: नलस्कूलवरच हाइट १० वरून ७० वर आणा. तिथेही कडं मोडलेलं दिसत असेल तर गोंधळ उतरतोय. दुसरं म्हणजे आर्क्टिक ऑसिलेशन, ध्रुवावरचा आणि खालच्या अक्षांशांवरचा हवेचा दाब यांच्यातला चढउतार, अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेच्या क्लायमेट प्रेडिक्शन सेंटरवर याचा रोजचा आकडा आणि पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज मिळतो. आकडा प्लसमध्ये असेल तर ध्रुवाची थंडी ध्रुवाकडे कोंडलेली, मायनसमध्ये खोल गेला तर ती खाली सांडतेय.

आता सांडते कुठे? मुख्यतः उत्तर युरोप, सैबेरिया, पूर्व अमेरिका. फेब्रुवारी २०१८ मध्ये व्होर्टेक्स दुभंगला आणि महिनाअखेर ब्रिटन-युरोपात बर्फाने दाणादाण उडवली, हे सरळ उदाहरण. फेब्रुवारी २०२१ ची टेक्सासची थंडी कितपत जानेवारीतल्या वॉर्मिंगमुळे यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत. तिथेच एकमत नाही आणि आपल्याकडे लोक जामनेरचं तापमान त्यावरून सांगतात!

पायरी ५ : आता आपल्या बाजूला या, जेट आणि पश्चिमी चक्रावात

हिवाळ्यात उत्तर भारतावरून दहा-बारा किलोमीटर उंचीवर एक जोरदार वाऱ्याचा झोत वाहतो, सबट्रॉपिकल जेट. भूमध्य समुद्र, कॅस्पियनकडून येणारे पश्चिमी चक्रावात, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारे कमी दाबाचे पट्टे, या झोताच्या रस्त्याने येतात, काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतात आणि पुढे सरकतात. उत्तरेकडच्या गोंधळाने हा झोत वर-खाली सरकला किंवा त्याला खोल वळण पडलं, तर चक्रावातांची संख्या आणि रस्ता बदलू शकतो. व्होर्टेक्सचा आणि खान्देशचा संबंध आहे तो असा, आडून आडून.

नलस्कूलवर हाइट २५० करा आणि भारत समोर आणा. झोत सपाट पश्चिम-पूर्व आहे की पाकिस्तान-राजस्थानवर खाली वाकलाय ते बघा. मग हवामान खात्याचा, म्हणजे आयएमडीचा, दर गुरुवारी येणारा विस्तारित अंदाज उघडा, त्यात पुढच्या आठवड्यांत किमान तापमान सरासरीपेक्षा वर की खाली हे रंगाने दाखवलेलं असतं. माझं मत विचाराल तर खान्देशासाठी या एका नकाशाची किंमत वरच्या सगळ्या पायऱ्यांपेक्षा जास्त आहे, वरच्या पायऱ्या "का" समजायला आणि तीन-चार आठवडे आधी कान टवकारायला.

आपल्याकडे क्रम ठरलेला असतो. चक्रावात येताना वारं फिरतं, ढग येतात, रात्री उबदार होतात, आणि लोक म्हणतात थंडी गेली. तो पुढे गेला, तिकडे बर्फ पडला, आकाश निरभ्र झालं आणि उत्तरेचं कोरडं वारं सुरू झालं की एक-दोन दिवसांत पारा धाडकन खाली. मग गल्लीत "आते थंडी भलती पडी राहिनी" सुरू होतं. सातपुडा थंडी अडवतो असं समजू नका, बुऱ्हाणपूरकडची खिंड आहे, गुजरातकडून तापीचं खोरं मोकळं आहे, आणि मुळात आपली थंडी बाहेरून जेवढी येते त्यापेक्षा जास्त निरभ्र कोरड्या रात्री इथेच तयार होते.

हे आडून आडूनचं नातं किती ढिलं आहे त्याचा पुरावा हवा असेल तर दोन हिवाळे आठवा. २०१८ च्या डिसेंबरअखेर धुळे-निफाड पट्ट्यात कडाक्याची थंडी पडली होती, आणि वर वारं उलटलं १ जानेवारी २०१९ ला. म्हणजे आपल्याकडे थंडी आधी, व्होर्टेक्स नंतर! दुसरा हिवाळा २०१९-२०. जानेवारी ते मार्च २०२० मध्ये व्होर्टेक्स विक्रमी बळकट होता, इतका की मार्चमध्ये आर्क्टिकवरचा ओझोनही मोठ्या प्रमाणात घटला. मेसेजवाल्यांच्या हिशोबाने तो हिवाळा मऊ जायला हवा होता, पण त्याच हिवाळ्याचा डिसेंबर दिल्लीत दिवसाच्या तापमानाच्या हिशोबाने १९०१ पासूनचा दुसऱ्या क्रमांकाचा थंड ठरला, कारण तिथे धुकं आणि खालचे ढग दिवसेंदिवस हललेच नाहीत.

पायरी ६ : शेवटचा टप्पा तुमच्या शेतात

इथून पुढे मोबाईल बाजूला. संध्याकाळी तीन गोष्टी बघा: आकाश निरभ्र आहे का, दिवसभर वारं उत्तरेचं होतं का, आणि अंधार पडताना ते पडलंय का. तिन्ही हो असतील तर रात्र जड. निरभ्र आकाशात जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते, वारं नसेल तर थंड हवा खाली साचते, आणि सगळ्यात कमी तापमान मध्यरात्री नाही तर सूर्य उगवायच्या सुमाराला येतं. ज्यांना वाटतं अकरा वाजता फार थंडी नव्हती म्हणजे वाचलो, त्यांनी पहाटे पाचला उठून बघावं.

थर्मामीटर लावायचं तर सावलीत, छातीच्या उंचीवर, भिंतीला चिकटवून नाही. हवामान केंद्राचा आकडा अशाच उंचीवर, हवेशीर पेटीत घेतलेला असतो, उघड्या जमिनीलगत त्याच रात्री तीन-चार अंश कमी असू शकतं. म्हणून पेपरात ८ अंश छापलेलं असताना तोरणमाळला किंवा अक्कलकुव्यातल्या डाबला दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात, त्यात फेकाफेकी नसते. आणि खोलगट वावर, नाल्याकाठचा तुकडा, केळीचा सगळ्यात खालचा कोपरा, तिथे थंड हवा उतरून साचते. बांधावरच्या आणि खालच्या कोपऱ्यातल्या झाडांची पानं सकाळी शेजारी शेजारी धरून बघा, फरक कळतो.

"थंडीची लाट" हा शब्दही मोजून वापरा. आयएमडीच्या निकषाने मैदानी भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली हवं आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी हवं, किंवा मग थेट ४ किंवा त्याखाली. समजा सरासरी ११.५ आहे तर ९ अंशाला लाट होत नाही, ७ ला होते. भरीत पार्टी मात्र ९ ला पण रंगते.

पायरी ७ : केळी असेल तर

केळीला १२ अंशांच्या खालची सलग रात्र सोसत नाही. वाढ थबकते, पानं पिवळी पडून चरका बसतो, निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला, आलेल्या झाडात घड अडकतो, आणि फळाच्या सालीखाली तपकिरी रेघा येतात ज्या पिकल्यावर व्यापाऱ्याला बरोबर दिसतात. कांदेबागेच्या (पावसाळा संपताना लावलेल्या) कोवळ्या रोपांना आणि मृगबागेच्या (पावसाच्या सुरुवातीला लावलेल्या) निसवणाऱ्या झाडांना वेगवेगळा धोका, म्हणून आपली बाग कुठल्या अवस्थेत आहे ते बघून घाबरा.

जड रात्रीचा अंदाज असेल तर पहाटेच्या आधी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी द्या, ते हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली जमीन उष्णता धरून ठेवते. घड झाकून घ्या. उत्तरेच्या बाजूला शेवरीची किंवा गजराज गवताची दाट रांग असेल तर बोचऱ्या वाऱ्याचा मार निम्मा होतो, पण ती लागवडीच्या वेळीच लावावी लागते, आता डिसेंबरात नाही. बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात, वारं पूर्ण पडलेलं असेल तरच त्याचा थोडाफार उपयोग, नाहीतर धूर शेजाऱ्याकडे. खतं-फवारणीचं मी सांगत नाही, त्यासाठी मेघदूत ॲपवर दर मंगळवारी-शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो, किंवा ममुराबाद-पालच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

फळपीक विमा काढलेला असेल तर एक ध्यानात ठेवा, भरपाई ठरते ती तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर, तुमच्या थर्मामीटरवर नाही आणि ध्रुवावरच्या वाऱ्यावर तर नाहीच. त्या वर्षीच्या शासन निर्णयात किती अंशाखाली आणि सलग किती दिवस हे लिहिलेलं असतं, ते डिसेंबरआधी वाचून ठेवा, आणि तुमच्या मंडळाचं केंद्र चालू आहे की नाही ते कृषी सहाय्यकाला विचारून घ्या.

फेब्रुवारीअखेर हे सगळं बघणं बंद केलं तरी चालतं. मार्च-एप्रिलमध्ये व्होर्टेक्स दरवर्षी मोडतोच, त्याला फायनल वॉर्मिंग म्हणतात, त्यावरही मेसेज येतील, पण तोवर भुसावळला पंखे सुरू झालेले असतात आणि तेव्हा बघायचं ते गारपिटीकडे, म्हणजे नलस्कूलवरून उठून आयएमडीच्या विजांच्या इशाऱ्यांवर यायचं.